पाठीमागचे बोल आणि त्यांची हानी

अपंग व्यक्तींविषयीच्या अवहेलनेच्या भाषेची चर्चा बहुधा दुखावलेल्या मनापासून सुरू होते आणि तिथेच थांबते. कोणीतरी कोणाला तोंडावर लंगडा, बहिरा किंवा वेडा म्हटले, ते त्या माणसाच्या जिव्हारी लागले, आणि म्हणून ते बोलणे गैर ठरले, अशी त्या चर्चेची नेहमीची मांडणी असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. कारण अशी भाषा तोंडावर जितकी वापरली जाते त्याहून अधिक ती पाठीमागे, बंद दाराआड, फोनवर, निवड समितीच्या बैठकीत आणि घरातल्या घरात वापरली जाते, आणि ज्याच्याविषयी ती असते त्याच्या कानावर ती बहुतेकदा जातच नाही. ज्याला शब्द ऐकूच आले नाहीत त्याची त्या शब्दांनी हानी होते का, आणि होत असेल तर ती नेमकी कुठे होते, हा या ग्रंथाचा विषय आहे.

‘न ऐकलेले’ ही एकच स्थिती नाही. ज्याच्याविषयी बोलले जाते तो तिथे हजर नसणे, हा तिचा सर्वांत परिचित प्रकार होय. कर्णबधिर व्यक्ती मात्र त्याच खोलीत, त्याच पंगतीत बसलेली असते. भोवतालचे हसरे चेहरे तिला दिसतात, हसण्याचे कारण तेवढे तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि तिची आई किंवा वडील बहुधा ऐकणारे असल्यामुळे तिच्या वाट्याचा शब्द त्यांना ऐकावा लागतो. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला आवाज ऐकू येतो, पण त्यातला अर्थ उमगेलच असे नाही. याखेरीज म्हणी, विनोद आणि नकला कोणा एकाला उद्देशून नसतात, त्या एका संपूर्ण समूहाविषयी असतात आणि त्या समूहातले कोणी जवळपास नसतानाच त्या अधिक मोकळेपणाने रंगतात. या सर्व परिस्थितींत शब्द कोणीतरी ऐकलेला असतोच. त्याने ऐकले का, हा प्रश्न विचारताना बाकीच्यांनी काय ऐकले आणि ऐकून पुढे काय केले, हे विचारायचे राहून जाते, आणि प्रस्तुत विवेचनाचा भर त्या राहून गेलेल्या प्रश्नावर आहे.

हा विषय अलीकडच्या संवेदनशीलतेतून निर्माण झाला आहे, असा समज असेल तर तो टिकणारा नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात ‘वाक्पारुष्य’ या अपराधावर, म्हणजे वाणीने केलेल्या कठोर आगळिकीवर, स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात शरीरातील व्यंगावरून हिणवणाऱ्यासाठी दंडाची चढती श्रेणी सांगितली आहे. व्यंग खरोखरच असताना एखाद्याला काणा किंवा लंगडा म्हटले तर दंड तीन पण, खोटेच म्हटले तर सहा पण, आणि काण्याच्या डोळ्यांची वरकरणी स्तुती करून त्याच्या व्यंगावर बोट ठेवले तर बारा पण. ‘पण’ हे त्या काळचे नाणे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही असे बोलणे खरे असले तरी बोलणाऱ्याला किमान एक कार्षापण दंड करावा असे म्हटले आहे. दोन्ही ठिकाणी सत्य हा बचाव मानलेला नाही, आणि कौटिल्याने तर उपरोधिक स्तुतीला उघड शिवीहून जड दंड ठेवला, याला फार महत्त्व आहे, कारण अपमान शब्दाच्या खरेखोटेपणात नसून त्याच्या वापरात असतो, ही जाणीव त्या श्रेणीमागे दिसते.

परंतु त्याच दोन ग्रंथांची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. मनुस्मृतीचा नववा अध्याय आंधळ्या, बहिऱ्या, मुक्या, वेड्या आणि मतिमंद माणसाला वडिलांच्या संपत्तीतला वाटा नाकारतो, आणि अर्थशास्त्राचा दायविभाग, म्हणजे वारसाहक्काचे प्रकरण, यांतल्या अनेकांना केवळ अन्नवस्त्रापुरता हक्क देते. तोंडावर हिणवू नये, पण वाटणीला बसवूही नये, अशी ही व्यवस्था होती. ज्या चर्चेत वाटणी ठरत असे त्या चर्चेत त्या माणसाचे वर्णन कोणत्या शब्दांनी केले जाई याच्याशी दंडाच्या श्रेणीला काहीच कर्तव्य नव्हते, आणि त्याचे सर्वांत मोठे नुकसान तर तिथेच होत होते. हिंदू कायद्यातील या नियमाचा बराचसा भाग १९२८ च्या अधिनियमाने गेला आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने व्यंगावरून वारसा नाकारण्याची वाट पुरती बंद केली. म्हणजे हा इतिहास आजीआजोबांच्या पिढीपर्यंत येऊन भिडलेला आहे.

न ऐकलेल्या शब्दाचा प्रश्न सर्वांत नेमकेपणाने मांडला तो हिब्रू धर्मग्रंथाने. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात बहिऱ्याला शाप देण्यास आणि आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवण्यास एकाच वचनात मनाई केली आहे. आंधळ्याच्या बाबतीतले कारण उघड आहे, तो अडखळून पडेल. पण बहिऱ्याला शाप ऐकूच येत नाही, तर मग मनाई कशासाठी, हा प्रश्न भाष्यकारांना पडला. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने दिलेले उत्तर असे की या नियमाला केवळ शाप मिळणाऱ्याची नव्हे, शाप देणाऱ्याचीही काळजी आहे. राग आणि सूड यांची सवय त्याच्या स्वभावात मुरू नये, म्हणून ही मनाई आहे. हे उत्तर खोल आहे आणि आजही ते पटते. तरीही त्यात दोनच माणसे आहेत, बोलणारा आणि न ऐकणारा. शेजारी उभे राहून तो शाप ऐकणारा तिसरा माणूस त्यात कुठेच नाही, आणि त्या तिसऱ्याला चर्चेत आणल्याशिवाय हानीचा माग लागत नाही.

आधुनिक नीतिशास्त्रात जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्ववेत्त्याने १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दुखावले जाणे आणि हानी होणे यांत स्पष्ट भेद केला. दुखावले जाणे ही मनाची अवस्था आहे आणि तिला अनुभव लागतो. हानी म्हणजे माणसाच्या हितसंबंधांची पीछेहाट, आणि ती त्याला कळलीच पाहिजे असे नाही. बँकेतील ठेव कोणी परस्पर काढून घेतली तर खातेदाराचे नुकसान त्याच क्षणी होते, खातेपुस्तक पाहिल्यावर नव्हे. थॉमस नेगेलने त्याआधी, १९७० मध्ये, मृत्यूविषयीच्या आपल्या निबंधात हाच विचार माणसाच्या प्रतिष्ठेला लावला होता: तोंडावर आदराने वागणारे लोक ज्याची पाठीमागे टवाळी करतात त्या माणसाचे दुर्दैव त्याला ती टवाळी कळेपर्यंत वाट पाहत थांबत नाही. यापुढची तात्त्विक गुंतागुंत पुष्कळ आहे, पण या विषयापुरता एवढा भेद पुरतो.

भारतीय कायद्याने हा भेद पूर्वीच, जवळजवळ नकळत, स्वीकारलेला आहे. भारतीय न्याय संहितेत अपमान आणि अब्रुनुकसानी हे दोन वेगळे अपराध आहेत. कलम ३५२ मधील अपमान हा समोरच्याला डिवचून शांततेचा भंग करायला लावणारा असतो, त्यामुळे तो त्याच्यापर्यंत पोचावा लागतो. कलम ३५६ मधील अब्रुनुकसानीचे सर्वस्व मात्र इतरांच्या ऐकण्यात आहे. केवळ त्या व्यक्तीलाच एकांतात सांगितलेल्या गोष्टीने तिची अब्रू जात नाही, ती जाते तिसऱ्याने ऐकल्यावर. भारतीय दंड संहितेतून तसेच पुढे आलेले या अपराधाचे एक स्पष्टीकरण मृत व्यक्तीच्या नालस्तीलाही, जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याचा उद्देश असल्यास, या व्याख्येत घेते. दुसऱ्या एका स्पष्टीकरणात, इतरांच्या नजरेत माणसाला खाली आणणाऱ्या आरोपांचे प्रकार सांगताना, त्याच्या बुद्धीविषयीचे आणि त्याचे शरीर किळसवाण्या स्थितीत आहे असा समज पसरवणारे आरोपही गणले आहेत. एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या या वाक्यात बुद्धी आणि शरीर या दोन्ही जागा नोंदलेल्या असाव्यात, आणि अपंगत्वावरील अवहेलनेच्या चर्चेत त्याची आठवण क्वचितच निघावी, ही खेदाची गोष्ट आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा या क्षेत्रातील आजचा मुख्य कायदा. त्याचे कलम ९२ सार्वजनिक दृष्टिपथातील जागी दिव्यांग व्यक्तीचा मानखंडनेच्या हेतूने केलेला अपमान किंवा तिला दिलेला धाक यासाठी किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षांचा कारावास आणि द्रव्यदंड सांगते. ही शब्दरचना अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ मधील रचनेला मिळतीजुळती आहे, आणि त्या कायद्याच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात असे म्हटले की इमारतीच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान ‘सार्वजनिक दृष्टिपथात’ बसत नाही. अपमान दिसण्याऐकण्यासाठी बाहेरचे लोक हवेत, एवढे यावरून निश्चित होते. पण ज्याचा अपमान झाला तो स्वतः तिथे हवा का, याविषयी कलम ९२ ची भाषा मौन बाळगते. कायदा करताना तोंडावरचा अपमानच डोळ्यांसमोर होता, असे त्याच्या एकूण घडणीवरून वाटते.

ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो, याचा प्रायोगिक अभ्यास मानसशास्त्रात झालेला आहे. जेफ ग्रीनबर्ग आणि टॉम पिझिन्स्की यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोऱ्या सहभागींनी एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा अशा दोघांचा वादविवाद ऐकला आणि दोघांच्या कौशल्याला गुण दिले. गुण देण्यापूर्वी काहींच्या कानावर, प्रयोगकर्त्यांच्या योजनेनुसार, कृष्णवर्णीय वक्त्याविषयी वंशवाचक शिवी पडली. तो वक्ता वादात हरलेला असताना, शिवी ऐकलेल्या मंडळींनी त्याच्या कौशल्याला न ऐकलेल्यांपेक्षा कमी लेखले. वक्त्याने ती शिवी ऐकलेली नव्हती. तिने आपले काम परीक्षकांच्या मनात केले. थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की स्त्रियांविषयी आधीच पूर्वग्रह असलेल्या पुरुषांनी स्त्रियांची खिल्ली उडवणारा विनोद ऐकला की स्त्रियांच्या संस्थेला मदत देण्याची त्यांची तयारी कमी होते. विनोद पूर्वग्रह जन्माला घालतो असे यातून सिद्ध होत नाही. असलेला पूर्वग्रह इथे चालेल, अशी मुभा तो देतो. हे प्रयोग वंश आणि लिंग यांविषयीचे आहेत आणि ते अपंगत्वाला जसेच्या तसे लावणे घाईचे होईल. तथापि त्यांत उघड झालेली यंत्रणा अपंग व्यक्तींच्या आयुष्यात पदोपदी भेटते.

एखाद्या मुलाखतीच्या खोलीत ती सहज पाहता येते. चौथ्या की पाचव्या क्रमांकाचा उमेदवार, ज्याला बोलताना अडखळायला होते, प्रश्नांची उत्तरे देऊन, खुर्ची मागे सरकवून बाहेर जातो, दार लागते, समितीतील एक जण त्याच्या अडखळण्याची नक्कल करत एक शब्द उच्चारतो, दुसरा हसतो, तिसरा हसत नाही पण खाली बघून गुणपत्रिकेवर आकडा लिहितो. पुढचा उमेदवार आत येतो. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाने काहीही ऐकलेले नाही, त्याचे मन शाबूत आहे, मुलाखत बरी गेली असे तो घरी फोन करून सांगेल. निकालाच्या यादीत नाव नसल्याचे कारण त्याला कधीही कळणार नाही, आणि कळत नसल्यामुळे तो ते स्वतःच्या उणिवेत शोधत राहील. तोंडावरच्या अपमानाला निदान उत्तर देता येते, तक्रार करता येते, चार माणसे बाजूने उभी करता येतात. न ऐकलेल्या शब्दापुढे यातले काहीच उरत नाही, आणि याच कारणाने तो काही बाबतींत अधिक घातक ठरतो, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन अतिशयोक्त वाटत असेल तर बक कुटुंबाचा इतिहास पाहावा. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात कॅरी बक या तरुणीला सरकारी संस्थेत ठेवण्यात आले होते. तिची आई मतिमंद, ती मतिमंद आणि तिची तान्ही मुलगीही तशीच, असे ठरवून तिच्या सक्तीच्या नसबंदीचा खटला उभा राहिला. जेमतेम सात महिन्यांच्या त्या मुलीविषयी एका समाजसेविकेने तिच्या चेहऱ्यात काहीतरी वेगळे दिसते, अशी साक्ष दिली. मे १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने नसबंदीला मान्यता दिली, आणि न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालपत्रात तीन पिढ्यांना एकाच हिणकस संज्ञेत गुंडाळले. त्या साक्षीतला शब्द बाळाला समजणे शक्य नव्हते. पुढे तीच मुलगी शाळेच्या गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजारपणात वारली. कॅरीची बहीण डोरिस हिची कथा अधिक विदारक आहे. तिचीही नसबंदी झाली, पण तिला ती आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया असल्याचे सांगण्यात आले. लग्नानंतर मूल का होत नाही हे तिला उमगले ते अनेक दशकांनी. कागदांत आपल्याला काय म्हटले आहे याचा तिला पत्ता नव्हता, आणि त्या शब्दाच्या आधाराने तिच्या शरीरावर निर्णय झालेला होता.

महाराष्ट्राला या गोष्टीकडे परक्या देशाची म्हणून पाहता येणार नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यातील सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना राखता येत नाही आणि त्यांच्यावर अत्याचार झाल्यास गर्भधारणेचा धोका राहतो, अशी कारणे दिली गेली. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. पुरेसे कर्मचारी, पाणी, कापड आणि शिकवणारे कोणी देण्याचा प्रश्न शस्त्रक्रियेने सोडवला गेला, कारण त्या मुलींविषयी बोलण्याची जी भाषा रूढ होती तिच्यात त्या शिकू शकणाऱ्या व्यक्ती म्हणून येतच नव्हत्या. आणि ती भाषा त्यांच्यासमोर बोलली गेली की माघारी, याने परिणामात तिळमात्र फरक पडला नसता.

म्हणी आणि विनोद यांचे काम याहून संथ आहे आणि त्याविषयी निवाडा करताना घाई उपयोगाची नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, किंवा वासरात लंगडी गाय शहाणी, असे म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा कोणी आंधळा किंवा लंगडा माणूस नसतो. एकनाथांनी आंधळा, बहिरा, मुका आणि पांगळा यांच्या मुखाने भारुडे रचली, ती आध्यात्मिक अज्ञान आणि परावलंबन सांगण्यासाठी, आणि रस्त्यावर बसणाऱ्या माणसाला भारुडात बोलायला जागा देणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. तरीही शतकानुशतके डोळे नसणे म्हणजे विवेक नसणे आणि ऐकू न येणे म्हणजे न समजणे, अशी सांगड भाषेत बसत गेली, आणि एखाद्या अंध शिक्षिकेला वर्ग देताना मुख्याध्यापकाच्या मनात उमटणाऱ्या शंकेत त्या सांगडीचा वाटा नाही, असे म्हणवत नाही. एकेका म्हणीला दोषी धरणे अन्यायाचे होईल. त्यांच्या एकत्रित वजनाकडे दुर्लक्ष करणे त्याहून मोठा अन्याय ठरेल.

चित्रपटाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दिलेला निकाल म्हणूनच मोलाचा आहे. ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटात विसराळू वडील, ऐकू न येणारा भाऊ आणि अडखळत बोलणारा दुसरा भाऊ यांच्यावर विनोद बेतलेले होते. कर्णबधिर पात्राला ध्वनिरोधक यंत्रणा आणि अडखळणाऱ्याला अडकलेली कॅसेट म्हटले होते. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि पारडीवाला यांनी अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद आणि अपंग व्यक्तीला अधिक अपंग करून सोडणारा विनोद यांत भेद केला, आणि शब्द संस्थात्मक भेदभावाला खतपाणी घालतात, हे मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवले. न्यायालयाची नजर इथे दुखावलेल्या प्रेक्षकावरून समाजाच्या धारणेकडे वळली, हे महत्त्वाचे. उपशीर्षकांशिवाय दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटातला कर्णबधिरांवरचा विनोद तर कर्णबधिर प्रेक्षकाला ऐकूच येत नाही; सभागृहातले बाकी सगळे तो ऐकतात आणि घरी घेऊन जातात.

या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. माणसाला घरात, मित्रांत, रागाच्या भरात मोकळेपणाने बोलता आले पाहिजे, आणि प्रत्येक ओठावर पहारा बसवणारा समाज अपंग व्यक्तींनाही सुखाचा होणार नाही. हा आक्षेप मान्य करावा लागतो, पण तो शिक्षेविषयीचा आहे, हानीविषयीचा नाही. एखादे कृत्य हानिकारक असणे आणि ते राज्यसंस्थेने दंडनीय ठरवणे यांत फार मोठे अंतर आहे. एकांतात, कोणीच ऐकत नसताना पुटपुटलेला शब्द हानी करत नाही, हेही मान्य करावे. तिथे मायमोनिडीसची स्वभावाविषयीची चिंता तेवढी उरते. आणि अपंग व्यक्ती आपापसांत एकमेकांची जी थट्टा करतात, अंध मुलांच्या वसतिगृहात जी टोपणनावे चालतात, ती या भाषेत मोडत नाहीत, कारण त्या ऐकणाऱ्यांच्या हातात कोणाची नोकरी, प्रवेश किंवा शस्त्रक्रिया नसते.

कुटुंबातील कुजबुजीची हानी मात्र मोजायला सर्वांत अवघड आहे. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के, आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदवल्या. हे आकडे दारात आलेल्या प्रगणकाला घरच्यांनी दिलेल्या उत्तरांवर उभे आहेत. ज्या घरात थोरल्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू आहेत आणि धाकट्या भावाविषयी भावकीत काय बोलले जाते हे आईला ठाऊक आहे, त्या घरातून कोणते उत्तर येईल याचा अंदाज करता येतो. भावाने ते बोलणे ऐकलेले नसते, पण त्यामुळे त्याची नोंद होत नाही, प्रमाणपत्र निघत नाही, आणि ज्या सवलतींवर त्याचा हक्क आहे त्या त्याच्यापर्यंत येत नाहीत.

ज्याने ऐकले नाही तो तक्रार करू शकत नाही, त्यामुळे प्रश्न ऐकणाऱ्याकडे येतो. २०१६ च्या अधिनियमाचे कलम ७ या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे: दिव्यांग व्यक्तीवर दुर्व्यवहार, हिंसा किंवा शोषण होत असल्याचे मानण्यास कारण असलेल्या कोणत्याही व्यक्तीला कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवण्याची मुभा ते देते. मुलाखतीच्या खोलीत न हसता खाली बघणाऱ्या त्या तिसऱ्या सदस्याला हे कलम वापरता येईल का, माघारी उच्चारलेला आणि निर्णयात उतरलेला शब्द ‘दुर्व्यवहार’ या संज्ञेत बसतो का, की त्यासाठी सेवाभरतीच्या नियमांतच वेगळी तरतूद हवी, याचा विचार पुढील प्रकरणांत क्रमाने केला आहे.